कॅसेटचे कान

१

नागपुरात, सक्करदऱ्याच्या चौकात, पानठेल्याला लागून, मनोहरराव भोयरांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. मनोहररावांचं पोट आत गेलं की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. पण मशीन होती डबल कॅसेटची, अस्सल जपानी, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. लोक कोरी कॅसेट आणून द्यायचे, कोणती गाणी पाहिजेत ते सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट घेऊन जायचे.

कॅसेट हातात देण्याआधी मनोहरराव एक काम न चुकता करत. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात, एकेका बाजूचा एकेक. मनोहरराव त्यांना कान म्हणायचे. पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर घालून ते कान कटकन मोडायचे आणि गिऱ्हाइकाला समजावायचे, "आता याच्यावर रेकॉर्डचं लाल बटन खालीच जात नाही. नाही तं तुमच्या पोरीच्या लग्नावर कोणी कव्वाली भरून ठेवते!" गिऱ्हाईक हसायचं. मनोहरराव नाही हसायचे. धंद्याच्या गोष्टीत त्यांना थट्टा खपत नसे.

साऱ्या नागपूरच्या कॅसेटींचे कान मोडणाऱ्या या माणसाच्या घरात एकच कॅसेट धड कानांची होती. ती वडिलांची.

वडील म्हणजे नानाजी. गिरणीत फोरमन होते, आणि कंजूष म्हणाल तर असा माणूस पुन्हा होणे नाही. पाकीट चिकटवायला डिंक आणायचे नाहीत, ताटातलं भाताचं शीत लावायचे. खोलीतून कोणी बाहेर पडलं आणि दिवा चालू राहिला, तर अंगणातून ओरडायचे, "लाइट काय तुह्या सासऱ्यानं देल्ली का बे?" अखेरच्या आजारपणात मनोहररावांनी त्यांना माइकसमोर बसवलं. म्हटलं, काही तरी बोला, आठवण राहील. नानाजींनी घसा खाकरला. "हं. चालू झालं का?" म्हणाले, आणि पुढं कॅसेटची आख्खी बाजू सूचना दिल्या. मागच्या दाराची कडी वर उचलून लावा. मोरीचा नळ गळते, घट्ट पिळा. पंखा फुकट चालवू नका.

रेकॉर्डिंग संपल्यावर मनोहररावांनी सवयीनं पेचकस काढला, तर म्हातारा खेकसला, "चांगली वस्तू काहून मोडतो? आन् दुसरी बाजू कोरी काहून सोडली? कामात आण तिले!" मग स्वतःच्या हातानं कागदाच्या चिटोऱ्यावर 'नानाजी' लिहिलं, शिताची खळ करून आपल्या आवाजाच्या बाजूवर चिकटवलं, आणि महिनाभरात गेले.

मनोहररावांच्या आईनं, प्रयागबाईंनी, तेरवीच्या दिवशीच बजावलं, "वर्षाच्या आत हे लावू नको बरं मनोहर. गेल्या माणसाले मधातच हाक मारू नये. वर्षश्राद्धाले लावजो, साऱ्याइले आयकवू." कॅसेट लोखंडी पेटीत गेली.

२

पावसाळ्यात मनोहररावांचा साळा रुपराव मस्कतहून आला आणि बहिणीच्या घरी कॉम्प्युटर ठेवून गेला. चपटं काळं यंत्र, पोळपाटापेक्षा लहान. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला जोडायचं, आणि कॅसेट लावली की टेपमधून कानठळ्या बसतील अशी किंचाळी सुरू व्हायची. खेळ त्या आवाजातच भरलेला असायचा; किंचाळी संपली की तो टीव्हीवर दिसायचा.

खेळ एका मोठ्या घराचा होता. खोल्याच खोल्या, जिने, आणि टोपी घातलेला एक ठेंगणा माणूस. त्याला चालवायचं, उडी मारायला लावायचं, आणि प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावायचा. सगळ्या घरात उजेड झाला की माडीवरचं बंद दार उघडणार. त्या दारामागं काय आहे ते रुपरावालाही ठाऊक नव्हतं.

मनोहररावांना या खेळानं असं झपाटलं की बोलायची सोय नाही. सकाळी पोहे झाले की दुकानाआधी घटकाभर खेळायचं, चार-दोन दिवे लावायचे, आणि जिथवर आलो तिथवरचा खेळ कॅसेटवर भरून ठेवायचा. पुन्हा किंचाळी. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट वाजवायची, की माणूस जिथं सोडला तिथंच उभा. धंद्यातल्या माणसाला ही सोय फार आवडली.

"कोरी कॅसेट कायले फोडाची?" असं म्हणून त्यांनी खेळ भरायला पेटीतल्या नानाजींच्या कॅसेटची दुसरी बाजू घेतली. बापाचाच हुकूम होता, कामात आण म्हणून. त्यांची बायको शामला म्हणाली, "आइकलं का, उगाच त्या कॅसेटले हात नका लावू." मनोहरराव म्हणाले, "अवं, बावीस वर्षं हेच काम करून राहिलो. मले शिकवते?"

घरात किंचाळी सुरू झाली की प्रयागबाई तांदूळ निवडता निवडता मान वर करायच्या. "कोण बोलून राहिलं गा?"

"कोणी नाही माय. मशीन बोंबलते."

"हं," म्हणायच्या आणि पुन्हा खडे वेचायच्या.

३

दिवाळीनंतरच्या एका सकाळी खेळ सुरू झाला तेव्हा मनोहररावांच्या हातातली पोह्याची बशी तशीच राहिली.

आदल्या दिवशी त्यांनी माणसाला माडीच्या जिन्यावर सोडलं होतं. खालचा सगळा मजला उजळून टाकला होता. आता माणूस स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत होता. आणि सगळ्या घरात अंधार. एकेका खोलीतून त्यांनी माणसाला फिरवून पाहिलं. दिवे विझलेले, दारं लोटलेली. फक्त माणूस होता त्या खोलीतला दिवा चालू.

आता खरी गोम सांगतो. त्या खेळात दिवा लावायचं बटन होतं. विझवायचं नव्हतंच.

"शामला! तू हात लावला का याले?"

"मले चहा प्याले फुरसत नाही, अन् मी तुमचे दिवे विझवत बसू?" शामला आतून म्हणाली. मग बाहेर येऊन तिनं टीव्हीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "बरं झालं बाई. नानाजीइच्या हाताखालचा दिसते तुमचा मानूस."

मनोहररावांना हसू आलं नाही. त्यांनी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, वायरी काढून पुन्हा लावल्या आणि सगळे दिवे नव्यानं लावले. खेळ भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. माणूस पुन्हा त्याच खोलीत. आणि या खेपेला तो बसला होता.

खोलीच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती, तिच्यावर. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. त्या खेळात तो माणूस चालायचा आणि उड्या मारायचा, एवढंच. बसलेला माणूस मनोहररावांनी तिथं कधीच पाहिला नव्हता. त्यांनी बटन दाबलं तेव्हा तो उठला, पण लगेच नाही. म्हातारी माणसं उठतात तसा, गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेऊन.

४

मनोहरराव पक्के धंदेवाईक. एक कॅसेट बिघडली तर दुसरी नक्कल असावी, हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी सगळे दिवे लावून खेळ भरला, किंचाळी संपताक्षणी कॅसेट काढली आणि तडक दुकानात नेऊन डबल मशीनवर तिच्या दोन नकला केल्या. एक दुकानात ठेवली, एक घरी. मनात म्हणाले, आता कर काय करते तं.

घरची नक्कल लावली. अंधार. माणूस खुर्चीत.

दुकानातली नक्कल आणून लावली. अंधार. माणूस खुर्चीत.

"व्होल्टेजचा लोचा हाय," ते शामलाला म्हणाले.

"हाव, व्होल्टेज खुर्चीत बसते," शामला म्हणाली. पण आता तीही हसत नव्हती. संध्याकाळी पाहिलं तर ती टीव्हीवर टॉवेल झाकून ठेवत होती.

मनोहररावांनी दुकानातली नक्कल रागारागानं गाणी भरून पुसून टाकली आणि ती कॅसेट बँकेतल्या वामनरावांना देऊन टाकली. कान मोडून. चार दिवसांनी वामनराव पायरीशी हजर.

"गानं मस्त भरलं गा मनोहरराव. पन मधातमधात हा बुढा कोन खाकरते?"

"कोणता बुढा?"

"आता मले काय मालूम? बाईचा आवाज मस्त चढते, आन् हा मधातच म्हणते, पंखा बंद कर. माह्या बायकोनं दोनदा उठून पंखा बंद केला ना! थंडीचे दिवस, पंखा चालू होता कुठं? आधी चालू केला, मंग बंद केला."

मनोहररावांनी ती कॅसेट परत घेतली आणि नवी भरून दिली. जुनी त्यांनी पुन्हा वाजवून पाहिली नाही. हिंमतच झाली नाही, खरं सांगायचं तर.

५

वर्षश्राद्ध जवळ आलं. गावाकडून, कुहीहून, भाऊबंद येणार होते. प्रयागबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, त्याइचा आवाज लावणार हाय, जेवून लगेच जाऊ नका. बाई वर्षभर त्या एका आवाजावर तगून होती. रडायचं तेही तेवढ्यासाठी राखून ठेवलं होतं म्हणा ना.

आवाज नीट आहे ना म्हणून मनोहररावांनी दुपारी घर रिकामं पाहून कॅसेट काढली. 'नानाजी' लिहिलेली बाजू वर करून लावली.

नुसतीच सूं.

पुढं नेऊन लावली. सूं. आणखी पुढं. सूं. एक अक्षर नाही, खाकरणं नाही. अगदी कोरी बाजू.

मग त्यांना आठवलं. पावसाळ्यात पेटी उघडली तेव्हा चिटोरा तळाशी पडलेला होता. शिताची खळ झुरळांनी चाटून खाल्ली होती. मनोहररावांनी दुकानातला डिंक आणून तो पुन्हा चिकटवला. अंदाजानं. बावीस वर्षांच्या अनुभवाच्या भरवशावर, वाजवून न पाहता, कारण मायनं वर्षाच्या आत वाजवायचं नाही म्हटलं होतं.

उलट्या बाजूवर.

म्हणजे सहा महिने ते रोज सकाळी पोहे खाऊन बापाच्या आवाजावर खेळ भरत होते. ज्या माणसानं हजारो कॅसेटींचे कान मोडले, त्यानं स्वतःच्या बापाची तेवढी उघडी ठेवली. मनोहरराव टेपरेकॉर्डरसमोर फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडले. मायला पट्टी तुटली सांगू, असं शेवटी ठरवलं.

६

श्राद्धाला वडे, कढी, खीर झाली. कावळाही वेळेवर येऊन गेला. नानाजींचे धाकटे भाऊ नत्थूजी काका ढेकर देत भिंतीला टेकले आणि म्हणाले, "हं, आता लाव गा भाऊचा आवाज."

"काका, ते काय झालं, पट्टी..."

"लावली मी," प्रयागबाई म्हणाल्या. कॅसेट त्यांनीच पेटीतून काढून मशीनमध्ये घातली होती. चिटोऱ्याची बाजू खाली होती. मनोहरराव पुढे धावले, पण बाईनं बटन दाबून टाकलं.

किंचाळी सुरू झाली. कुहीची मंडळी दचकली. नत्थूजी काकांनी कानात बोटं घातली. "हे काय गा? चक्की लावली का?"

"चूप बसा भाऊजी," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला होता आणि मान थोडी कलती केली होती. चेहऱ्यावर हसू येत चाललं होतं. "हाव," त्या मशीनला म्हणाल्या. मग, "हाव ना, आयकून राहिली मी." मग उठल्या, आत गेल्या. मागच्या दाराची कडी वर उचलून लावल्याचा आवाज आला. मोरीचा नळ पिळल्याचा आवाज आला. परत येऊन पदराला हात पुसत बसल्या. "पुढं बोला."

मशीनशी धावलेले मनोहरराव तिथंच खाली बसले.

किंचाळी संपली तसे प्रयागबाईंनी डोळे पुसले. "लई जीव शांत झाला बाप्पा. पन त्याइले तिथं तरास हाय."

"कसला तरास, माय?"

"लाइटीचा. म्हणते, घर लई मोठं हाय. आन् रोज सकाळी कोनी तरी मेला येते, साऱ्या खोल्याइतले दिवे लावते आन् निंगून जाते. विझवता विझवता माह्ये गुडघे गेले म्हणते." बाई लाडानं हसल्या. "एकट्याच्यानं होत नाही म्हणते. दोघं पाहिजे."

मायला खेळातलं काही ठाऊक नव्हतं. मनोहररावांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, शामलानंही नाही. नत्थूजी काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच उठून खोलीतला दिवा बंद केला. भर दुपारच्या उजेडात तो कुणी लावला होता, देव जाणे.

७

मंडळी बस स्टँडवर गेली आणि माय जराशी आडवी झाली, तेव्हा मनोहररावांनी टीव्हीवरचा टॉवेल काढला. शेवटचं एकदा पाहून घेऊ म्हणाले. शामला दारातच उभी राहिली, आत आली नाही.

किंचाळी. मग घर. तीच खोली, तोच दिवा. माणूस खुर्चीत. इतके दिवस तो कायम बाजूनं दिसायचा. आज त्याचं तोंड समोर होतं, टीव्हीच्या काचेच्या दिशेनं. तोंड कसलं, चार पांढरे ठिपके. पण मनोहररावांनी ओळखलं आणि ते पाहताच त्यांनी मान खाली घातली, लहानपणी दिवा चालू राहिला की घालायचे तशी.

शेजारी दुसरी खुर्ची आली होती. रिकामी.

त्यांनी वायर खेचून टीव्ही बंद केला. कॅसेट काढली, पेचकस घेतला आणि कटकन एक कान मोडला, कटकन दुसरा मोडला. चिटोरा नखानं खरवडून टाकला. आता या कॅसेटवर काहीही भरता येणार नव्हतं. कुणाचाच आवाज नाही. कॅसेट बंडीच्या आतल्या खिशात घालून खिशाला सेफ्टीपिन लावली. रात्री तशीच अंगावर घेऊन झोपले.

सकाळी पाहतात तर माय न्हाऊन, नवं लुगडं नेसून टेपरेकॉर्डरसमोर बसलेली.

"मनोहर, माह्यंबी भरून ठेव गा. कोरी बाजू हाय ना त्या कॅसेटले? वाया काहून घालवाची?"

शामलानं तोंडाला पदर लावला. मनोहरराव मात्र मनात हसले. बरं झालं, मनातच म्हणाले. हे कोडं आपल्याच धंद्यातलं. बटन खाली जाणार नाही, मशीन बिघडली सांगू, मायचं समाधान होईल आणि माय राहील.

"भरू ना माय, त्याच्यात काय," असं म्हणून त्यांनी पिन काढली, कॅसेट मशीनमध्ये सरकवली, झाकण लावलं. माइक मायसमोर धरला. लाल बटनावर अंगठा ठेवला आणि दाबल्यासारखं केलं.

बटन खाली गेलं. अगदी सहज, आवाजसुद्धा न करता. चक्रं फिरू लागली.

मनोहररावांनी झटकन बटन सोडवलं, कॅसेट बाहेर काढली आणि मागची कडा पाहिली. मोडलेल्या कानांच्या दोन्ही भोकांत, कानांच्या जागी, कागदाच्या घड्या बसवल्या होत्या. नीटनेटक्या, फोरमनच्या हातच्या. त्यांनी एकीला बोट लावलं. बोटाला भाताचं शीत चिकटलं. अजून ओलं होतं.

"माय," ते कसेबसे म्हणाले, "हे तू केलं?"

"मी कायले करू? तुह्या खिशात होती ना ते?" मायनं कॅसेट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदरानं पुसली. "चांगली वस्तू मोडू नये रे बाळा. किती खेपा सांगतलं त्याइनं तुले."

तिनं कॅसेट आत घातली. उठून खोलीतला दिवा बंद केला, परत येऊन बसली, पदर सारखा केला आणि स्वतःच्या बोटानं लाल बटन दाबलं. मग घसा खाकरून माइकवर वाकली.

"हं," माय म्हणाली. "चालू झालं का?"